एक नंबरची पेटी

६ ऑगस्ट

आजपासून मधपेट्यांची नोंद मी ठेवणार. हे होते तेव्हा नोंद त्यांच्या डोक्यात असायची, आणि ते चैत्रात गेले. आठ पेट्या आहेत. सात पेट्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एक नंबरची तापली आहे.

कारण उघड आहे. पावसाने ओढ दिली. माळावर तरोटा फुललेला नाही, तुरीला फूल यायला दिवाळी उजाडेल. पेटीत खाणारी तोंडं हजारो आणि बाहेर फूल नाही, अशा दिवसांत माशी दारावरचा पहारा वाढवते. हीच माशी चैत्रात कडुलिंब फुलला की हातावर बसून चालत जाते. मी ह्यांना म्हणायचे, स्वभाव बदलत नाही, दिवस बदलतात. ते म्हणायचे, "माणसाचंही तसंच." प्रत्येक गोष्टीत माणूस आणायची त्यांना खोड होती.

एक नंबरची वसाहत त्यांनी माघात सेनगाव रस्त्यावरच्या पडक्या विहिरीच्या कपारीतून काढली. त्यांनी काढलेली शेवटची. नोंदीसाठी लिहिलं.

आज उघडली. कोटाच्या बाहीवर पाच-सहा नांग्या. मी ह्यांचाच खाकी कोट घालते. जाड आहे, मनगटाशी आवळता येतो. तो धूत नाही. साबणाचा वास माशांना खपत नाही.

१२ ऑगस्ट

पुन्हा उघडली. धुराड्याने भरपूर धूर देऊनही अंगावर आल्या. काम आटोपून कोट नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. भिंत बुटकी आहे, बाही पलीकडे लोंबते; पलीकडून ओढ्यावरून मारुतीकडे जाणारी वाट आहे. खिळा ह्यांनी ठोकलेला, कोटाची जागा तीच.

तासाभराने शेजारच्या केशरबाई त्या वाटेने धुणं घेऊन चालल्या होत्या, त्यांच्या गालावर माशी चावली. सत्तरी उलटलेली बाई, पण ओरडली अशी की ओढ्यापर्यंत ऐकू गेलं. नांगी राहिली तर तिच्या वासावर दुसऱ्या माशा धावून येतात, म्हणून मी ती नखाने खरडून काढली आणि चुना लावला.

"मास्तरीण," त्या म्हणाल्या, "शाळेत पोरायला मारायची हौस फिटली न्हाई, आता माशा पाळल्या व्हय?"

मी म्हटलं, हात झाडला नसता तर चावली नसती.

"गालावर बसली तं काय तिला पाट मांडू?"

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन करून आले आणि त्याच सुती साडीवर, फक्त तोंडाला जाळी बांधून, एक नंबरला साखरेचा पाक ठेवला. कोट घालायला वेळ नव्हता, पाक निवत होता. एकही माशी अंगावर आली नाही. सकाळचा गारवा असावा. यापुढे पाक सकाळीच ठेवायचा.

२२ ऑगस्ट

वाईट दिवस.

सकाळी एक नंबर उघडली, कारण मला राणी बघायची होती. डाव्या पंखाचं टोक फाटलेली तीच राणी, विहिरीतली. दिसली. अंडी भरपूर आहेत. माशा मात्र आज विलक्षण खवळल्या. मी चौकटी घाईने लावल्या, कोट खिळ्याला टांगला आणि घरात आले.

दहाच्या सुमाराला नरसिंग बैलगाडी घेऊन वाटेने आला. हा केशरबाईंचा मुलगा. पाखऱ्या भिंतीच्या बाजूला जुंपलेला. मी खिडकीतून पाहिलं: बैलाने मान फेकली, एकदा, दोनदा, मग जू घेऊन उधळला. गाडीचं चाक नालीत गेलं आणि नरसिंग खांद्यावर पडला. पाखऱ्याच्या डोळ्याभोवती, नाकपुडीत, कानात माशा. मी ओलं पोतं घेऊन धावले. बैल वाचला. डोळा सुजून बंद झाला आहे.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बोलावणं. गेले. खांद्याला फडकं बांधून नरसिंग उभा होता.

"काकू, आईला चावलं, मी गप बसलो. पण पाखऱ्या? पोळ्याला मानाची जोडी आपली हाय. तवा बी हा बैल ह्याच वाटेनं जाणार."

मी म्हटलं, या वर्षी नव्या सिमेंट रस्त्याने न्या.

"आज्यापासून वड्यावर बैल धुऊन ह्याच वाटेनं मारुतीला जातेत. माशांसाठी मानाचा बैल आडवाटेनं न्यावा, आन् गावानं हसावं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं काहून बोलून राहिले? फडकं पेटवा न् टाका पेटीवर."

"ज्याला पेटवायचं आहे त्याने पुढे येऊन नाव सांगावं," मी म्हटलं. कोणी आलं नाही. त्यातले निम्मे माझ्या वर्गातले.

शेवटी सरपंच शंकरसिंग यांनी निकाल दिला. यंदा अधिक महिन्यामुळे पोळा सप्टेंबरच्या चौदाला आला आहे. त्याच्या आत पेटी शांत झाली पाहिजे. नाही झाली तर गाव पेटीचं काय ते करील. "मग मला सांगू नका बाई," ते म्हणाले, "मी हात धरायला येणार न्हाई."

२६ ऑगस्ट

पुसेगावहून रत्नपाल आला. माझा जुना विद्यार्थी, मोटारी दुरुस्त करतो आणि वीस पेट्या बाळगतो. दारात उभा राहून त्याने बराच वेळ माशांची ये-जा बघितली.

"बाई, पेटी मला द्या. माझ्या शेताला वस्ती नाही, रस्ता नाही. संध्याकाळी दार बंद करू, टेम्पोत टाकू. गावाचंही तोंड बंद."

मी सांगितलं की भादव्याच्या तोंडावर मेण मऊ असतं, खड्ड्यांनी पोळी तुटतात. फेब्रुवारीत याच रस्त्याने सहा पेट्या सूर्यफुलावर पाठवल्या होत्या आणि एकही पोळं तुटलं नव्हतं. हे त्यालाही माहीत आहे. चहा पिऊन झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "मग राणी बदला. आई तापट तर सगळी लेकरं तापट. माझ्या गरीब पेटीतलं राणीघर आतल्या राणीच्या अळीसकट कापून आणून देतो. आधी ही राणी मारा. माशांनी स्वतःची राणीघरं बांधली तर तीही फोडा, म्हणजे माझ्यातली स्वीकारतील."

"जुनी लेकरं मरून नवी भरायला दीड महिना लागतो," मी म्हटलं. "पोळा एकोणीस दिवसांवर आहे."

"पोळ्यापुरती दाराला जाळी ठोका. राणी बदलायची ती कायमसाठी."

त्याचं बोलणं बरोबर आहे. पुस्तकातही हेच आहे.

३० ऑगस्ट

राणी मारायला पेटी उघडली. सापडली नाही.

३१ ऑगस्ट

काल लिहिलेलं खरं नाही. चौथ्या चौकटीवर होती. बोटाच्या अंतरावर. कोवळ्या माशा तिच्याभोवती तोंडं करून उभ्या होत्या. मी चौकट परत आत सोडली.

खोटी नोंद ठेवायची असेल तर नोंद ठेवू नये.

३ सप्टेंबर

पाऊस नाही. ऊन मे महिन्यासारखं. काल पेटी उघडली होती. आज दुपारी खिळ्यावरच्या कोटावर दहा-बारा माशा आपटत होत्या, उठायच्या आणि पुन्हा आपटायच्या. घामाचं मीठ चाटायला येत असाव्यात. या दिवसांत त्यांना मीठ लागतं. पेट्यांजवळ मिठाच्या पाण्याची परात ठेवली. तिच्याकडे कोणी फिरकलं नाही.

रात्री कोट आत आणला आणि पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. बाहेर दव पडतं.

७ सप्टेंबर

आज गुंजनला चावली. नरसिंगची चार वर्षांची मुलगी. पापणीवर एक, हातावर तीन. लेकरू वाटेत उभं राहून भिंतीवरच्या कोटाची बाही ओढत होतं म्हणे. केशरबाई म्हणाल्या, त्या कोटातूनच निघाल्या माशा. कोटातून माशा निघत नसतात. मूल त्यांच्या उडण्याच्या वाटेत आलं, एवढंच.

भाड्याच्या जीपने सेनगावला दवाखान्यात नेलं. मी बरोबर गेले. इंजेक्शन दिल्यावर सूज उतरू लागली. नरसिंगने पोरीला मांडीवर घेतलं होतं. उतरताना तो म्हणाला, "काकू, तुमी भाड्याला पैसे देऊ नका. तुमी बाईमाणूस, एकट्या, पण आता मी गावाला धरून ठेवू शकत न्हाई."

म्हणजे आतापर्यंत तो धरून ठेवत होता.

घरी येऊन पेटी उघडली. राणी सहाव्या चौकटीवर. फाटका पंख. डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबली. अगदी थोडा आवाज झाला. चौकट लावली, झाकण ठेवलं.

हात धुतले. जेवले. काम झालं.

८ सप्टेंबर

पेटीतून रात्रभर एक वेगळा आवाज येत होता. गुणगुण नव्हे, लांबलेला, हेल काढल्यासारखा. राणी गेल्याचं त्यांना तासाभरात कळतं. हे वर्गात शिकवलं होतं. ऐकलं नव्हतं.

राणी गेलेली पेटी पहिले काही दिवस जास्त चिडते. पोळ्याला सहा दिवस उरले आहेत आणि मी हे आत्ता केलं. आधी करायला हवं होतं किंवा करायला नको होतं. दोन्हीपैकी एक नक्की.

१० सप्टेंबर

लेक आली, जाई. पोळा करून मग जाणार. मी बोलावलं नव्हतं. तिला कुणी फोन केला ते सांगत नाही, रत्नपाल असावा. आल्या आल्या म्हणाली, "आई, घराला वास येतोय." मग झाडू घेतला. माझ्यावर गेली आहे, एवढं एक बरं.

११ सप्टेंबर

शंकरसिंगांना भेटून सांगून आले की राणी मारली आहे, आणि पोळ्याच्या दिवशी पहाटेपासून मिरवणूक जाईपर्यंत दाराला जाळी ठोकीन. ते म्हणाले, "पघा बाई. तुमच्या जबाबदारीवर."

परत आले तर ह्यांचा कोट दोरीवर. पाणी ठिबकत होतं.

जाई परसात टब पालथा करत होती. "आई, सणाचं सगळं धुऊन काढलं. कोटाला तीनदा पाणी घातलं. टबात किती नांग्या निघाल्या माहीत आहे? मूठभर. कुसळासारख्या, काळ्या-काळ्या. कधी धुतला होता हा?"

मी म्हटलं, तो धुवायचा नसतो.

"वास येत होता गं त्याला."

"कसला?"

"कसला म्हणजे? घामाचा, धुराचा, बाबांचा..." आणि मग ती थांबली. तिचं तोंड उतरलं. "आई, माझ्या लक्षात नाही आलं."

मी आत गेले आणि भाकरी केल्या. दोन करपल्या.

आज दुसरी नोंद नाही.

१३ सप्टेंबर

खांदमळणी. संध्याकाळी घरोघरी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्यांना उद्याचं आमंत्रण देतात. नरसिंगच्या अंगणातून केशरबाईंचा आवाज येत होता: "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग भिंतीपाशी येऊन आमच्या बाजूला तोंड करून त्यांनी तोच हेल काढला: "माशांनो, तुमीबी आवतण घ्या, उद्या घरातच बसा!"

जाई हसली. मला हसू आलं नाही. जाळी कापली, खिळे मोजून ठेवले, दोन पोती भिजत घातली.

१४ सप्टेंबर, पोळा

अंधार असतानाच दाराला जाळी ठोकली, पेटीवर ओली पोती टाकली. मिरवणूक दुपारी दोनला निघणार होती. तोपर्यंत निभावेल असा हिशोब होता.

दोनला बैल ओढ्यावरच होते. बाशिंग सापडत नाही, वाजंत्रीवाले पुसेगावहून आले नाहीत, कुणाचा तरी जावई यायचाय. तीन वाजले. ऊन रणरणत होतं. पोत्यांवर पाणी ओतत होते ते डोळ्यांदेखत वाळत होतं. पेटीला कान लावला. आत गिरणी चालावी तशी घरघर. फळीला हात लावला, गरम. जाळीवर माशांचा थर चढला होता, खालच्या मेल्या होत्या.

मेण वितळलं की मध सांडतो, मधात माशा बुडतात, तासाभरात वसाहत संपते. उघडली तर हजारो माशा एकदम बाहेर, आणि दहा-पंधरा मिनिटांत बैल.

जाई म्हणाली, "आई, पेटी गेली तर गेली. काल गुंजनचा डोळा बघितलास ना?"

बघितला होता. तिला गुंजनच्या घरी पाठवलं, लेकराला घरात ठेवा म्हणून सांगायला. मग कोट घातला. वाळून कडक झाला होता. ठरवलं की वाट आणि पेटी यांच्यामध्ये उभं राहायचं. राणी गेलेल्या, कोंडलेल्या, तापलेल्या माशा समोर जो हलेल त्याच्यावर जातील. ती मी असावं. धुराडं घेतलं नाही. जाळी उचकटली.

त्या आल्या. पाण्याचा पाट फुटावा तशा. सगळ्या माझ्या अंगावरून, डोक्यावरून, कानाजवळून. मी श्वास धरून उभी होते आणि पहिल्या नांगीची वाट पाहत होते. तेवढ्यात वळणावर हलगी वाजली.

पुढे पाखऱ्या. शिंगांना ताजा वार्निश, अंगावर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळ. वार्निशचा वास मला इथवर आला. घाम, वास, घुंगरं, हलगी: माशी चिडवायची असेल तर पुस्तकात जे-जे लिहिलंय ते सगळं एका बैलाच्या अंगावर. नरसिंगने कासरा आखूड धरला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, उघड्या पेटीकडे बघितलं, वर घोंगावणाऱ्या ढगाकडे बघितलं. त्याला परत फिरता आलं असतं.

तो हात वर करून मागे ओरडला, "हलगी थांबवा रे! बंद म्हणलं ना! भिंत वलांडू द्या."

हलगी थांबली. बैल एकामागे एक माझ्यासमोरून गेले. घुंगरं तेवढी वाजत होती. पाखऱ्याने भिंतीपाशी कान टवकारले, मान उचलली, नरसिंगने त्याच्या मानेवर तळवा ठेवला. माशा वर फिरत होत्या, काही दारावर उतरून पंख मारून आत हवा घालू लागल्या होत्या. एक माझ्या कोटाच्या खिशावर बसली, खिशाच्या कडेने चालत गेली आणि उडाली.

शेवटची जोडी गेली. एकही नांगी नाही. बैलाला नाही, माणसाला नाही, मला नाही.

मागून बायकांबरोबर केशरबाई येत होत्या. भिंतीशी थांबल्या. "आज काय झालं गं यांना? आवतण पोचलं वाटतं."

मी पोती उचलून पुन्हा भिजवली. मारुतीसमोर मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी पेटीशेजारच्या दगडावर बसले होते. तोरण तुटल्याचा गलका ऐकू आला. मग नरसिंगकडून पुरणपोळीचं ताट आलं, गुंजनने आणलं, आजीचं बोट धरून. डोळा अर्धा उघडला आहे.

१७ सप्टेंबर

सकाळी शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन. परत येऊन कोट घातला आणि एक नंबर उघडली. धूर नावाला दिला.

शांत. ह्यांच्या हातात असायची तशी. चौकटीमागून चौकट काढली, माशा मेणावर चालत राहिल्या. अजून पाऊस नाही. माळावर फूल नाही. पेटीत त्याच माशा, त्याच आईच्या. राणी मारल्याचा गुण दीड महिन्याशिवाय येत नाही, उलट आत्ता त्या अधिक चिडायला हव्यात. दिवस बदललेले नाहीत, स्वभाव बदलायला वेळ झालेला नाही. मग काय बदललं?

राणी सातला मारली. कोट अकराला धुतला.

तेहतीस वर्षं मी पोरांना शिकवलं की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते सांगता येत नाही. माझ्याकडे आता सांगायला काही नाही. मूठभर नांग्या होत्या, त्या जाईने मोरीत ओतल्या.

पाचव्या चौकटीच्या खालच्या कडेला चार राणीघरं आहेत. शेंगदाण्याएवढी, तोंडं बंद केलेली. आत फाटक्या पंखाच्या राणीच्या मुली. दोन-तीन दिवसांत पहिली बाहेर पडेल. मग ती उडून नरांना भेटेल, यंदा नर कमी आहेत, भेटेल की नाही माहीत नाही. रत्नपाल उद्या त्याच्या गरीब पेटीतलं राणीघर घेऊन येणार होता. ही चार मी आज फोडून ठेवायची होती. चाकू बरोबर नेला होता.

चौकट परत सोडली. चारही आहेत.

रत्नपालला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. तो म्हणाला, "बाई, तापट निघाली तर?" मी म्हटलं, निघाली तर बघू.

कोटाला आता साबणाचा वास आहे आणि थोडा माझ्या घामाचा. उन्हात काम केल्याने पाठ भिजली. खिळ्याला टांगला नाही.

जाईला निघायच्या आधी विचारलं, कोट किती वेळ भिजवायचा आणि साबण किती घालायचा. उद्या धुवायचा आहे.